अर्डली नॉर्टन, लंडन : व्हर्ज एस्केपमेंटच्या टेबल घड्याळाच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

घड्याळ आलं तेव्हा लंबक आत मोकळा होता. मागच्या प्लेटवर लंबक अडकवायला पितळी आकडा दिलेला आहे, पण तो वापरलेला नाही. व्हर्ज हे जुन्या पद्धतीचं एस्केपमेंट, म्हणजे चाकांची गती ठोक्याठोक्याने सोडणारी यंत्रणा. व्हर्ज घड्याळात लंबकाची दांडी थेट व्हर्जच्या दांड्यालाच पक्की बसवलेली असते. प्रवासात बसणारा प्रत्येक हिसका त्यामुळे पॅलेटवर (व्हर्जच्या दांड्यावरच्या दोन पात्यांवर) आणि तिथून क्राउन चाकाच्या (ही पाती अडवतात-सोडतात त्या मुकुटासारख्या चाकाच्या) दात्यांवर जातो. घड्याळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं असलं तरी आधी मागचं दार उघडून लंबक आकड्यात अडकवावा आणि मगच मूठ धरावी.

पेटी ओकची, वर नासपतीच्या लाकडाचा पातळ थर आणि त्यावर काळं पॉलिश. मुठीसकट उंची ५१ सें.मी. छत उलट्या घंटेच्या आकाराचं, कोपऱ्यांवर चार पितळी बोंडं, दोन्ही बाजूंना आवाज बाहेर येण्यासाठी पितळी जाळ्या. तबकडी कमानीची. कमानीत टोले चालू-बंद करण्याचा काटा, मधोमध नकली लंबकाची वक्र खिडकी (तिच्यातून व्हर्जवरची थाळी लंबकासारखी हलताना दिसते), तिच्याखाली तारखेची चौकोनी खिडकी. सही 'अर्डली नॉर्टन, लंडन'. यंत्र आठ दिवसांचं, दोन फ्युझींचं (फ्युझी म्हणजे स्प्रिंगचा जोर सारखा ठेवणारा शंकूसारखा खोबणीदार भाग), एका घंटेवर तासांचे टोले देणारं. दोरी ओढली की मागच्या तासाचे टोले पुन्हा पडतात.

मालकांची तक्रार : आठवडा पुरत नाही, आणि थांबलेलं सापडतं ते जवळजवळ नेहमी बारा ते एकच्या दरम्यान. अशी तक्रार ऐकली की पहिला संशय टोल्यांच्या बाजूवर जातो.

१४ जानेवारी

नॉर्टनबद्दल, कारण घड्याळाचा काळ ठरवायला त्याचा उपयोग होतो. दुकान ४९, सेंट जॉन स्ट्रीट, क्लार्कनवेल इथे, साधारण १७६० पासून १७९२ मध्ये तो वारला तोपर्यंत. १७७० पासून लंडनच्या क्लॉकमेकर्स कंपनीचा सदस्य. १७७१ मध्ये त्याने पेटंट घेतलं : तास आणि त्याचे भाग वाजवणाऱ्या घड्याळाची नवी रचना, आणि सोबत किल्लीत किंवा मोहरेत मावेल इतकं आटोपशीर टोल्यांचं यंत्र असलेलं खिशातलं घड्याळ. तिसऱ्या जॉर्जसाठी १७६५ मध्ये केलेलं त्याचं चार तबकड्यांचं खगोलीय घड्याळ इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्याच्यानंतर धंदा ग्रॅव्हेल आणि टॉल्किन या जोडीकडे गेला. तेव्हा एकट्या नॉर्टनच्या सहीचं घड्याळ १७९२ च्या पुढचं धरता येत नाही. पेटीची घडण आणि तबकडी पाहता हे १७७५ ते १७८५ मधलं वाटतं.

सहीचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. त्या काळी क्लार्कनवेलमध्ये काम वाटून होत असे : कोणी फ्युझी कापायचा, कोणी स्प्रिंगा करायचा, कोणी फक्त प्लेटवर कोरायचा, पेट्या करणारे सुतार वेगळे. ज्याच्या दुकानात हे सगळं जुळून पूर्ण व्हायचं त्याचं नाव तबकडीवर यायचं. थ्वेट्ससारखे कारखानदार दुसऱ्यांच्या नावांसाठी अख्खी यंत्रं तयार करत आणि प्लेटवर क्रमांक ठोकत. तबकडी काढून दोन्ही प्लेटा तपासल्या, इथे तसा ठसा नाही. त्यामुळे नोंदीत 'नॉर्टनच्या दुकानातून गेलेलं' एवढंच लिहिलं आहे. त्याने त्याचं मोल कमी होत नाही. दुकानदाराची पारख ही त्या घड्याळातली खरी कारागिरी होती, आणि या यंत्रात ती दिसते.

१७ जानेवारी : स्प्रिंग उतरवणे

फ्युझीच्या घड्याळात चावी संपली म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली, असं नसतं. तात (फ्युझी आणि बॅरल जोडणारी आतड्याची दोरी) पूर्ण बॅरलवर (स्प्रिंग ज्यात असते त्या डब्यावर) आली तरी सुरुवातीचा ताण स्प्रिंगमध्ये उरतोच. पुढच्या प्लेटवर बॅरलच्या दांड्याच्या चौकोनावर खाचांचं चाक आणि त्याचा अडसर असतो, तो ताण तिथे धरलेला आहे. चौकोनावर घट्ट बसणारी लांब मुठीची चावी लावून, ताण हातात घेऊन, अडसराचा स्क्रू सैल करायचा आणि मूठ तळव्यात हळूहळू सरकू द्यायची. दोन्ही बाजू अशा उतरवल्याशिवाय एकही खांबाची पिन काढायची नाही. प्लेटा सुटताना स्प्रिंग भरलेली असली तर पिनियनचे (लहान दातेरी चाकांचे) दाते तुटतात, आणि बोटंही वाचत नाहीत.

उतरवण्याआधी दोन्ही बाजूंना चावीचे फेरे मोजून घेतले. चालीच्या बाजूला १६ फेऱ्यांनंतर फ्युझीचा थांबा व्यवस्थित अडला. टोल्यांच्या बाजूला १३ फेऱ्यांतच चावी घट्ट झाली, आणि थांब्याचा लोखंडी तुकडा अजून फ्युझीच्या नाकापर्यंत आलेलाही नव्हता. म्हणजे चावी थांबवत होती ती पुरती आवळली गेलेली स्प्रिंग. अशा वेळी चावी देणाऱ्याचा सगळा जोर तातेवर येतो, आणि तात तुटली की सुटलेली स्प्रिंग दात्यांचा बळी घेते.

१८ जानेवारी : दाते मोजले

चालीची बाजू : फ्युझीचं मोठं चाक ९६, मधल्या चाकाचं पिनियन ८. म्हणजे फ्युझीचा एक फेरा १२ तासांत, १६ फेरे १९२ तासांत, बरोबर आठ दिवस. मधलं चाक ८४, पुढचं पिनियन ७. कॉन्ट्रेट चाक (दाते बाजूला वळलेलं) ७८, क्राउन चाकाचं पिनियन ६. क्राउन चाकाला २५ दाते. तासाला ठोके = १२ × १३ × २५ × २ = ७८००. एक ठोका ०.४६१५ सेकंदाचा, त्यावरून लंबकाची हिशेबी लांबी २१.२ सें.मी. प्रत्यक्ष लंबक याच्याशी जुळतो. हा हिशेब आधी करण्याचं कारण असं, की लंबक किंवा क्राउन चाक नंतर बदललेलं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

टोल्यांची बाजू : मोठं चाक ७८, पिनियन ८, हातोडी उचलणाऱ्या खुंट्या ८. फ्युझीच्या एका फेऱ्यात ७८ टोले, म्हणजे १ ते १२ ची बेरीज. दिवसाचे १५६, आठ दिवसांचे १२४८. आता कालचे १३ फेरे घ्या : १३ × ७८ = १०१४ टोले, साडेसहा दिवस. चाल आठ दिवस टिकते आणि टोले साडेसहा दिवसांत संपतात.

आता बारा ते एकचं कोडं सुटतं. टोले द्यायची वेळ झाली की रॅक (टोले मोजणारी दात्यांची पट्टी) खाली पडतो आणि त्याची शेपटी स्नेलच्या (बारा पायऱ्यांच्या फिरत्या चकतीच्या) त्या तासाच्या पायरीवर टेकते. मग एकेका टोल्यासरशी रॅकचा एकेक दात परत गोळा होतो. टोल्यांच्या बाजूला जोर उरला नाही तर रॅक पडतो, पण गोळा होत नाही. शेपटी स्नेलवर तशीच राहते आणि तासागणिक खोल पायरीवर उतरत जाते. बाराची पायरी सर्वांत खोल, एकची सर्वांत उंच, आणि दोहोंमध्ये सरळ कडा. स्नेल फिरत फिरत ती कडा शेपटीच्या कुशीवर आणतो आणि घड्याळ तिथे अडकतं. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं. म्हणून ते शेपटी पातळ पोलादी पट्टीची करत आणि तिच्या टोकाच्या खुंटीला उतार देत, म्हणजे स्नेल तिला बाजूला सारून पुढे जाई. इथे कोणीतरी शेपटीच्या मुळाशी डाक लावून तिची लवचीक पट्टी दगडासारखी करून टाकली आहे. एकट्या स्प्रिंगने किंवा एकट्या डाकाने घड्याळ थांबलं नसतं.

२० जानेवारी : एस्केपमेंट मूळचं आहे का?

एकोणिसाव्या शतकात व्हर्ज घड्याळं मोठ्या संख्येने अँकरवर (नांगराच्या आकाराच्या, नंतरच्या एस्केपमेंटवर) बदलली गेली, कारण अँकरने वेळ जास्त नेमकी लागते. पुढे विसाव्या शतकात जुन्याला भाव आला आणि त्यातली बरीचशी पुन्हा व्हर्जवर आणली गेली. त्यामुळे आज समोर व्हर्ज दिसतो एवढ्यावरून काही ठरत नाही.

पाहिलेल्या खुणा : मागच्या प्लेटवर वेलबुट्टीचं कोरीव काम आहे. वरचा आधार (व्हर्जचं मागचं टोक ज्यात टेकतं तो) काढला तर त्याच्या पायाखालची जागा कोरी आहे आणि वेल त्या पायाच्या कडेला वळण घेऊन थांबतो. कोरणाऱ्याच्या समोर हाच पाय होता. अँकर बसवताना निलंबन-स्प्रिंगसाठी मोठा आधार लागतो, त्याच्या स्क्रूंची भोकं पडतात आणि पुढे ती पितळेने बुजवली जातात. प्लेटवर तिरका उजेड टाकून, भिंगाखाली पाहिलं. बुजवलेलं एकही भोक नाही. तोंडाची वाफ मारून पाहिलं, कारण बुजवलेल्या पितळेवरची वाफ वेगळ्या वेगाने उडते. तिथेही काही नाही. अँकर केला की आडव्या क्राउन चाकाच्या जागी उभं चाक येतं आणि कॉन्ट्रेट चाकाच्या जागी साधं सपाट चाक येतं. इथलं कॉन्ट्रेट चाक आणि शेजारचं मधलं चाक यांच्या आऱ्यांची घडण एकाच हातची आहे. नकली लंबकाची बारीक थाळीही व्हर्जच्या दांड्यावर मूळच्याच जागी.

व्हर्ज मूळचा आहे. म्हणून पुढच्या कामाचा नियम असा : व्हर्ज आणि क्राउन चाक यांतलं काहीही नवीन करायचं नाही, जे आहे त्यातूनच चालतं करायचं.

२३ जानेवारी : सफाई

अमोनियाचा घोळ वापरला नाही. ठोकून कठीण केलेल्या जुन्या पितळेला अमोनियाने भेगा जातात, आणि त्या आज न दिसता काही वर्षांनी दिसतात. आधी व्हाइट स्पिरिटमध्ये मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोमट हवेत वाळवण. पिव्हटची (दांड्यांच्या बारीक टोकांची) भोकं टोक काढलेल्या लाकडी काडीने, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. पितळेला झळाळी आणण्यासाठी पॉलिश लावलेलं नाही. पुढच्या प्लेटच्या आतल्या अंगावर जुन्या दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने ओरखडून अक्षरं लिहिली आहेत. त्यांचे फोटो घेतले आणि ती तशीच ठेवली. एकदा पॉलिशने गेली की घड्याळाचा तेवढा इतिहास गेला.

पिव्हट तपासले. बहुतेकांना नुसती घोटाई पुरली. दोनच भोकं लांबट झाली होती : मधल्या चाकाचं मागचं आणि खुंट्यांच्या चाकाचं पुढचं. टोल्यांच्या बाजूची स्प्रिंग नको इतकी जोराची आहे, तिने दुसरं खाल्लं हे उघड आहे. तिथे पितळी बुश (भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या) बसवले आणि तेलाची वाटी जुन्या मापाचीच ठेवली. बाकीच्या भोकांत किंचित ढिलाई आहे. ती चालते, आणि व्हर्ज तिला सोसतो.

२७ जानेवारी : व्हर्ज

सर्वांत नाजूक काम. दोन्ही पॅलेटवर क्राउन चाकाच्या टोकांनी खाचा पाडल्या आहेत, सुमारे ०.१५ मि.मी. खोल. दाता खाचेत पडला की बाहेर यायला जास्त जोर लागतो, लंबकाचा झोका लहान होतो आणि तेल घट्ट झालं की घड्याळ थांबतं.

पहिला विचार व्हर्ज पुढे-मागे अर्धा मिलिमीटर सरकवायचा होता, म्हणजे दाते पॅलेटच्या न झिजलेल्या भागावर पडतील. खाचा रुंद असल्याने तेवढी जागाच उरलेली नाही. म्हणून पॅलेटचं तोंड खाच जाईपर्यंत बारीक अर्कान्सा दगडाने घासलं. पॅलेट कठीण पोलादाचे आहेत, कानस लावायचीच नाही. दगड पॅलेटच्या पूर्ण लांबीवर सपाट धरायचा; कड गोल झाली की दाता आधीच निसटतो. दोन पॅलेटमधला कोन बदलू नये म्हणून दोन्हीकडून सारखीच जाडी काढली आणि शेवटी चकाकीपर्यंत घोटले.

क्राउन चाक आऱ्यांवर सरळ आहे, पण बारीक लेथवर फिरवून टोकांजवळ स्थिर सुई धरली तर तीन दाते बाकीच्यांपेक्षा सुमारे ०.०८ मि.मी. उंच निघाले. एक उंच दाता असला तरी संपूर्ण एस्केपमेंट त्याच्या मापाने उथळ ठेवावं लागतं, आणि मग बाकीचे दाते कमी पकडतात. चाक फिरतं ठेवून टोकांवर दगड हलकेच धरला, उंच तिघे बरोबरीला आल्याबरोबर थांबवलं. सपाट झालेल्या टोकांची फक्त मागची बाजू कानसली. पॅलेट ज्यावर टेकतो त्या पुढच्या तोंडाला हात लावलेला नाही.

पॅलेट घासल्याने पकड कमी झाली होती, म्हणून क्राउन चाकाच्या खालच्या आधाराच्या पायाखाली ०.१५ मि.मी. पितळी पत्रा घातला. हा पत्रा पुढच्या माणसाला चिमट्याने काढता येईल. पकड जास्त खोल झाली तर चाक अडकतं. उथळ झाली तर दाते भराभर निसटून यंत्र गडगडत सुटतं आणि काही सेकंदांत टोकं खराब होतात. म्हणून पहिली चाचणी पूर्ण स्प्रिंगवर करायची नाही. फ्युझीच्या चाकावर बोटाने हलका दाब देऊन करायची.

व्हर्जचं मागचं टोक सुरीच्या धारेसारखं असून इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत टेकतं. खाचेचा तळ झिजून गोल झाला होता. दोन्ही अंगं दगडाने सरळ करून तळ पुन्हा कोनात आणला. या धारेला तेल नाही. तेलात धूळ बसते आणि धार त्या धुळीवर घासली जाते.

३१ जानेवारी : टोल्यांची स्प्रिंग आणि तात

बॅरलचा आतला व्यास ५० मि.मी., दांड्याचा १६. बसवलेली स्प्रिंग ०.६५ मि.मी. जाड. तिचे जास्तीत जास्त फेरे सुमारे सव्वासहा येतात आणि त्यातला पाऊण फेरा सुरुवातीच्या ताणात जातो. फ्युझी पूर्ण भरायला बॅरलला साधारण साडेसहा फेरे लागतात. ०.५ मि.मी. जाडीत आठ फेरे मिळतात. स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाने वाढतो : १.३ चा घन जवळजवळ २.२. म्हणजे जाड स्प्रिंग घालणाऱ्याने हातोडी, खुंट्या आणि भोकांवर दुपटीहून जास्त जोर टाकला आणि दीड दिवस कमी केला. फ्युझीचा उतार मूळ स्प्रिंगच्या जोराला जुळवून कापलेला असतो; तिथे अंदाजाने जाडी वाढवणं अगदी चुकीचं. नवी स्प्रिंग ३४ मि.मी. रुंद, ०.५ जाड, १.७५ मीटर लांब. वाइंडरने (स्प्रिंग गुंडाळायच्या साधनाने) बसवली. हाताने पिळून घातलेली स्प्रिंग शंकूसारखी वाकते आणि बॅरलच्या झाकणाला घासते.

दोन्ही फ्युझींवर तातेऐवजी पोलादी तार होती. तारेने खोबणीच्या कडा चिरल्या आहेत, विशेषतः अरुंद टोकाला. कडा घोटून बोथट केल्या आणि नैसर्गिक तात लावली, १.५ मि.मी. जाड, प्रत्येकी सुमारे १.४ मीटर. बॅरलच्या तीन भोकांतून ओवून टोक स्वतःखाली दाबलं. फ्युझीकडे गाठ मारून टोक जाळून गोळा केला.

सुरुवातीचा ताण : चावीच्या चौकोनावर सरकत्या वजनाची आडवी दांडी लावून पहिल्या फेऱ्यातला आणि शेवटच्या फेऱ्यातला जोर तोलला. चालीच्या बाजूला पाऊण फेऱ्याला दोन्ही टोकं सारखी आली. मधल्या फेऱ्यांत थोडा फुगवटा आहे, तो फ्युझीच्या घडणीतलाच आहे.

३ फेब्रुवारी : रॅक

शेपटीवरचा डाक गरम करून पुसून काढला. खाली मूळची पोलादी पट्टी शाबूत निघाली, फक्त खुंटीचा उतार झिजलेला. उतार पुन्हा दिला. आता टोल्यांची बाजू मुद्दाम उतरवून काटे बाराच्या पुढे नेले, तर स्नेल शेपटीला बाजूला सारून जातो आणि घड्याळ चालत राहतं. ही चाचणी रॅकच्या प्रत्येक घड्याळावर करून पाहावी.

हातोडी विसाव्याला घंटेपासून १ मि.मी. दूर ठेवली. टेकून राहिली तर टोला खरखरतो. फार दूर असली तर आवाज बसका येतो. घंटेला तडा नाही.

६ फेब्रुवारी : तबकडी आणि पेटी

आकड्यांच्या कड्यावरचं लॅकर पिवळं पडून डागाळलं होतं. अॅसिटोनने काढल्यावर खालचा चांदीचा मुलामा चांगला निघाला, तेव्हा नवा मुलामा दिला नाही. आकड्यांतलं काळं मेण दोन ठिकाणी भरलं.

पेटीच्या डाव्या बाजूची पट्टी सुटली होती. गरम सरसाने चिकटवली. मुंबई-कोकणात अशी घड्याळं असतील त्यांनी पावसाळ्यात पेटीचे सांधे तपासत राहावं. दमट हवेत सरस मऊ पडतो. तरीही सरसच वापरावा, कारण तो पुन्हा सोडवता येतो. काळं पॉलिश मूळचं आहे. मेण लावून घोटलं, खरवडलं नाही.

१० फेब्रुवारी : जुळणी, ठोका, वेळ

तेल पिव्हटवर, थोडंसं दोन्ही पॅलेटवर, बॅरलमध्ये स्प्रिंगला ग्रीस. चाकांच्या आणि पिनियनच्या दात्यांना अजिबात नाही. तिथे तेल आणि धूळ मिळून सहाणच तयार होते.

ठोका लंगडा होता. लंबक व्हर्जलाच पक्का असल्याने इथे वाकवायला वेगळा काटा नाही. दांड्याजवळ पकडीने धरून, व्हर्जवर जोर येऊ न देता, लंबकाची दांडी अगदी थोडी वाकवली. झोका मोठा असल्यामुळे ठोका काट्यावर नेमका नसला तरी व्हर्ज चालतो. अँकर १६७० च्या आसपास आला, तरी मूठ धरून खोल्याखोल्यांतून फिरवल्या जाणाऱ्या या घड्याळांत व्हर्ज १८०० पर्यंत टिकला तो याच गुणामुळे.

वेळ लावण्याचा हिशेब : दिवसाला एका मिनिटाचा फरक म्हणजे लांबीत २ ÷ १४४० × २१२ = ०.२९ मि.मी. दांडीच्या टोकाच्या आट्यांचं अंतर ०.७ मि.मी., म्हणून गोळ्याचा एक पूर्ण फेरा सुमारे २ मिनिटं २५ सेकंद. गोळा वर चढवला की घड्याळ पुढे जातं. गोळ्याच्या आत लाकडी गाभा आहे, तोच आट्यांना घट्ट धरतो. तो सैल पडला की गोळा आपोआप खाली उतरतो आणि घड्याळ रोज जास्त जास्त मागे पडतं.

तापमानाची काळजी करण्यासारखी नाही : दहा अंशांच्या फरकाने पोलादी दांडीमुळे दिवसाला पाचेक सेकंद बदलतात. व्हर्जमध्ये जोर कमीजास्त झाला की त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो.

१९ फेब्रुवारी

पूर्ण आठ दिवस चाललं. टोल्यांच्या बाजूची चावी आता १६ फेऱ्यांवर थांब्याला अडते. आठवड्याच्या सुरुवातीला दिवसाला मिनिटभर पुढे, शेवटी अर्धा मिनिट मागे. या प्रकारच्या यंत्रासाठी हे उत्तम आहे. गोळ्याला आता हात लावायचा नाही.

मालकांसाठी पेटीत ठेवलेली चिठ्ठी : चावी आठवड्यातून एकाच वारी, दोन्ही बाजूंना, थांबा लागेपर्यंत, थांब्यावर जोर नको. चावी देताना चाल क्षणभर थांबते किंवा चाक मागे जातं, ते योग्यच आहे, कारण या यंत्रात चावीच्या वेळी जोर टिकवणारी स्प्रिंग नाही. पुन्हा टोले देणारी दोरी तासाच्या आधीच्या पाच मिनिटांत ओढू नये. तेव्हा टोल्यांची बाजू आधीच अर्धी सुटलेली असते आणि गणती चुकते.